माळशिरसची बेरीज

माळशिरस तालुक्याचं मुख्यालय माळशिरसला, पण ऊस, बाजार आणि राजकारण यांचा मुक्काम नीरेकाठच्या अकलूजला. विधानसभेच्या २५४ क्रमांकाच्या या मतदारसंघाचा इतिहास म्हणूनच बराचसा मोहिते-पाटील घराण्याचा इतिहास आहे.

सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील इथले आमदार होते. त्यांचं खरं काम मात्र विधानसभेबाहेरचं. त्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्याच्या आधाराने सोसायट्या, शाळा-कॉलेजं यांचं जाळं तालुकाभर पसरलं. उसाची नोंद लागली का, ऊसतोडीची टोळी कधी येणार, बिल कधी निघणार, हे इथल्या शेतकऱ्याचे वर्षभराचे प्रश्न. ज्याच्याकडे ते घेऊन जायचं, त्याला मत द्यायचं, असा साधा हिशेब होता.

पुढच्या पिढीत विजयसिंह मोहिते-पाटील १९८० ते २००९ माळशिरसचे आमदार राहिले. आधी काँग्रेसकडून, १९९९ नंतर राष्ट्रवादीकडून; चिन्ह बदललं, निकाल बदलला नाही. सुशीलकुमार शिंदे यांच्या मंत्रिमंडळात ते उपमुख्यमंत्रीही झाले.

घराण्याची जागा गेली ती पराभवाने नव्हे, मतदारसंघांच्या पुनर्रचनेने. २००९ साली माळशिरस अनुसूचित जातींसाठी राखीव झालं. विजयसिंह पंढरपुरात उभे राहिले आणि भारत भालके यांच्याकडून हरले. अकलूजबाहेर पाऊल टाकलं की अकलूजचं वजन किती उतरतं, हे त्या निकालाने दाखवलं. माळशिरसमध्ये मात्र राष्ट्रवादीचे हनुमंत डोळस २००९ आणि २०१४ असे दोनदा निवडून आले. स्वतः उभं राहता येत नव्हतं, तरी कोणाला निवडून आणायचं हे अकलूजच्या हातात होतं.

२०१९ मध्ये मोहिते-पाटील भाजपच्या बाजूला गेले. भाजपने बीड जिल्ह्यातले राम सातपुते दिले. समोर वेळापूरचे उत्तमराव जानकर, मोहिते-पाटलांचे जुने विरोधक, आता राष्ट्रवादीचे उमेदवार. सातपुते जिंकले, पण अवघ्या २,५९० मतांनी. बाहेरचा उमेदवार अकलूजने निवडून आणला म्हणावं, तर अकलूजविरुद्ध लाखभर मतं पडतात हेही त्याच निकालात लिहिलेलं होतं.

२०२४ मध्ये फासे उलटे पडले. धैर्यशील मोहिते-पाटील शरद पवारांच्या पक्षातून माढ्याचे खासदार झाले, आणि त्याच पक्षाकडून जानकर विधानसभेला उभे राहिले. कालचे दोन विरोधक एका बाजूला, समोर एकटे सातपुते. गावोगाव झालेल्या बेरजेप्रमाणे लढत एकतर्फी होती. प्रत्यक्षात जानकर १३,१४७ मतांनी जिंकले. सातपुत्यांची मतं २०१९ मध्ये १,०३,५०७ होती. मोहिते-पाटील सोडून गेल्यावर ती १,०८,५६६ झाली.

ही न जुळलेली बेरीज मारकडवाडीत रस्त्यावर आली. जानकरांचं मानल्या जाणाऱ्या या गावात सातपुत्यांना १,००३ आणि जानकरांना ८४३ मतं निघाली. गावकऱ्यांचा आणि खुद्द जानकरांचाही त्यावर विश्वास बसेना. ३ डिसेंबर २०२४ रोजी स्वखर्चाने मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घ्यायचं गावकऱ्यांनी ठरवलं. प्रशासनाने कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून नकार दिला आणि जमावबंदी लावली. बंदोबस्त वाढला, तेव्हा मतदान मागे घेण्यात आलं. काही दिवसांत शरद पवार गावात पोचले आणि मतदानयंत्रांवरचा वाद देशभर गेला. जिंकलेला आमदारच मतमोजणीवर शंका घेतोय, असं दृश्य महाराष्ट्राने क्वचितच पाहिलं असेल.

यंत्राचा वाद बाजूला ठेवला, तरी दोन निवडणुकांचे आकडे एक गोष्ट सांगतात. नेते एकत्र आले म्हणून त्यांची मतं एकत्र येतातच असं नाही. वर्षानुवर्षं ज्याच्याविरुद्ध गावात पॅनेल उभं केलं, त्याच्याच शेजारी एका रात्रीत बसायचं, हे पुढाऱ्याला जमतं. बूथवरच्या कार्यकर्त्याला जमेलच असं नाही. माळशिरस जिंकायचं तर आजही अकलूज लागतं. पण तालुक्याचा कल सांगायला आता अकलूजचा एकट्याचा अंदाज पुरत नाही.