पुढचे ब्रेक चिकटतायत? आधी निप्पल सैल करा

आकुर्ली रोडवरून हायवेला लागेपर्यंत जुन्या पिकअपचं पुढचं चाक तापून करपट वास येतोय? डिस्क ब्रेक असतील तर लगेच कॅलिपर बदलू नका. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं जॅकवर उचला, ब्रेक दाबून सोडा, चाक हाताने फिरवा. जड वाटलं, तर कॅलिपरचं हवा काढायचं निप्पल थोडं उघडा. मोकळं झालं? म्हणजे ऑइलचा दाब आत अडकलाय. एकाच बाजूला असेल तर माझा पहिला संशय रबरी होजवर. बाहेरून ठणठणीत, आतून फुगलेला. दोन्ही चाकं धरत असतील तर मास्टर सिलिंडर बघा. निप्पल उघडूनही जामच? मग पिस्टन किंवा स्लाइड पिन गंजलीय, आपल्या पावसाची कृपा! आणि हो, ब्रेकमधली हवा काढल्याशिवाय गाडी हलवू नका.