घराचा तपासणी-अहवाल कसा वाचावा

घर विकत घेणारा गृहस्थ खोल्या पाहतो, रंग पाहतो, उजेड-वारा पाहतो. पाया मात्र त्यास दिसत नाहीं. या न दिसणाऱ्या भागाविषयीं स्थापत्य-अभियंत्याचा तपासणी-अहवाल कांहीं सांगूं शकतो. जन्माची पुंजी गुंतविण्यापूर्वीं तो घेणें शहाणपणाचें. परंतु घेतलेला अहवाल नीट वाचतां आला पाहिजे.

वाशीम जिल्ह्यांत प्रथम जमिनीची नोंद पाहावी. पैनगंगेच्या खोऱ्यांतील सखल भागांत काळी माती खोल असते. टेकाडावर ती उथळ असून खालीं लवकर मुरूम लागतो. ही माती कापसास मानवते, घरास मानवतेच असें नाहीं. पावसाळ्यांत ती पाणी शोषून फुगते व पाया उचलते. उन्हाळ्यांत आकसून त्याचा आधार सोडते. ही हालचाल घराखालीं सर्वत्र सारखी नसल्यामुळें भिंती तडकतात. म्हणून पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत गेला आहे काय, हें अहवालांत शोधावें. खोल काळ्या मातीसाठीं तळाशीं घंटेप्रमाणें रुंद केलेले काँक्रीटचे खांब वापरतात. भारतीय मानक २९११ प्रमाणें त्यांची लांबी किमान ३.५ मीटर असावी लागते.

दुसरी नोंद भेगांची. गिलाव्यावरील केसासारखें जाळें बहुधा गिलावा सुकतांना पडतें. त्यानें घाबरण्याचें कारण नाहीं. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी गेलेली, एका टोकास रुंद होत जाणारी भेग मात्र पाया हलल्याचा संशय उत्पन्न करते. अशा भेगेवर कांचेची पट्टी बसवून ती पुढें फुटते कीं काय, हें पाहण्याची जुनी पद्धत आहे. अहवाल कोणत्या महिन्यांतील आहे, हेंहि पाहावें. वैशाखांत सहज मिटणारें दार श्रावणांत अडकतें काय, हें घरांत राहणाऱ्यांस विचारावें.

छताखालीं तांबूस डाग व सरळ रेषेंत फुटलेलें काँक्रीट असल्यास आंतील लोखंडी गज गंजला असें समजावें. गंजलेला गज फुगतो व काँक्रीट फोडतो. त्यावर नुसता रंग देऊन दोष जात नाहीं.

'पाया तपासतां आला नाहीं' हें वाक्य अहवालांत पुष्कळदां शेवटीं, बारीक अक्षरांत असतें. त्याचा अर्थ पाया निर्दोष आहे असा कोणीं करूं नये. तेथें कोपऱ्याशीं खड्डा खणून पाया पाहण्याची मागणी करावी.

विकसकाकडून नवें घर घेणाऱ्यास २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाचा आधार आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आंत बांधणीचा दोष दाखवून दिल्यास विकसकानें तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. जुनें घर मूळ मालकाकडून घेणाऱ्यास हें संरक्षण नाहीं; त्यानें पायाविषयींच्या शंकेचें उत्तर मिळेपर्यंत विसार देऊं नये.