लिहायला मूड नाही, मुदत लागते

माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण चार महिने एकाच पानावर अडकलं होतं. प्रयोग झालेले, आलेख तयार. पण फाइल उघडायची आणि बंद करायची, एवढंच चालायचं. तुमचंही असं होतंय का?

शेवटी आम्ही पाच जणांनी ऑनलाइन गट केला. रोज रात्री ९ वाजता व्हिडिओ कॉल. आज काय लिहिणार ते एका वाक्यात सांगायचं, ५० मिनिटं माइक बंद ठेवून लिहायचं, मग किती झालं ते सांगायचं. कुणी कुणाचं वाचत नाही. तरी रोज 'आज शून्य' म्हणायची लाज वाटते. आणि दुसऱ्याचंही शून्य ऐकलं की आपण एकटेच अडकलेलो नाही, हे कळतं.

दुसरा उपाय म्हणजे एखाद्या विषयाला वाहिलेले संग्रह, दिवाळी अंक, स्पर्धा. विषय, शब्दमर्यादा, तारीख सगळं ठरलेलं, 'काय लिहू?' हा प्रश्न तिथेच अर्धा सुटतो. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली. पहिला क्रमांक आला, आणि मराठीला विज्ञानकथाकार मिळाला. निमित्त एका स्पर्धेचं!

फक्त विषय आपल्या संशोधनाजवळचा निवडा, नाहीतर प्रबंध मागे पडतो. 'पाणी' या विषयावरच्या अंकासाठी मी ८०० शब्द लिहिले. त्यातलेच दोन परिच्छेद पुढे इंग्रजीत होऊन प्रस्तावनेत गेले.

दुसरं प्रकरण गेल्या आठवड्यात गाइडकडे पोचलं. लाल खुणांनी भरून परत आलंय. असू दे, आता दुरुस्त करायला काहीतरी आहे.