एकच भाजणी

दिवाळीच्या दिवसांत भाजणी म्हटलं की चकलीचं पीठ आठवतं. आम्हा मातीकाम करणाऱ्यांची भाजणी वेगळी. कच्चं भांडं आगीत जातं आणि पुन्हा कधी चिखल होणार नाही अशा रूपात बाहेर येतं, ती आमची भाजणी. झिलईची भांडी बहुतेक ठिकाणी दोनदा भाजतात. आधी नुसती माती भाजायची, मग तिच्यावर झिलई चढवून पुन्हा भट्टीत घालायचं. आपला कुंभार मात्र आवा लावतो तो एकदाच. विसाव्या शतकातली एक थोर सिरॅमिक कलाकार ल्यूसी री हिनंही आपली भांडी अशीच एकदा भाजली. आणि तिच्या भांड्यांवर झिलई होती.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चाकावर बसून मला चार वर्षं झाली होती. मी उत्साहानं एक पातळ वाटी घडवली, वाळवली आणि तिच्यावर झिलई ओतली. पाच मिनिटांत काठ मऊ पडून आत वळला आणि वाटीचं तोंड पानाच्या द्रोणासारखं वाकडं झालं. कारण साधं आहे. झिलई म्हणजे पाण्यात कालवलेली खनिजांची पूड. वाळलेली कच्ची माती ते पाणी अधाशासारखी पिते, फुगते आणि भेगाळते. भिंत जितकी पातळ तितका धोका जास्त. शिवाय झिलईला मातीच्या बरोबरीनं आकसता आलं पाहिजे, नाहीतर ती पापुद्र्यासारखी सुटते. म्हणून तिच्यात मातीचं प्रमाण राखावं लागतं, चिकटायला थोडा डिंकही चालतो. पुढे भट्टीतही घाई चालत नाही. आधी ओल निघून जायला हवी, मग मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघायला हवं, आणि ते निघेपर्यंत भट्टी ५००-६०० अंशांच्या घरात पोचलेली असते. वाफेला वाट मिळाली नाही तर भांडं फुटतं आणि शेजारच्या चार भांड्यांना घेऊन जातं.

ल्यूसी कोरडं कच्चं भांडं चाकावर ठेवून फिरवायची आणि ब्रशनं झिलई लावायची. तिच्या भांड्यांची अंगं इतकी पातळ, बुडं इतकी लहान की हातात घ्यायलाही जपावं लागतं. अशा भांड्यांवर ती हे करत होती.

तिच्या आयुष्यातल्या सगळ्या हिवाळ्यांमध्ये मी पुन्हा पुन्हा १९४७ च्या हिवाळ्याकडे जाते. त्या वर्षी २२ जानेवारी ते १७ मार्च, म्हणजे ५५ दिवस, ब्रिटनमध्ये कुठे ना कुठे रोज बर्फ पडत होता. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत २ ते २२ फेब्रुवारी या काळात सूर्य दिसल्याची नोंदच नाही. महायुद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती. कोळशाच्या खाणी १ जानेवारीला नुकत्याच सरकारी मालकीच्या झाल्या होत्या. कोळसा खाणींवर होता, पण तो आणणाऱ्या आगगाड्या बर्फात अडकल्या. १० फेब्रुवारीपासून लंडनसह देशाच्या मोठ्या भागात कारखान्यांची वीज तोडली आणि घरांची वीज सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ४ बंद ठेवली. टेलिव्हिजन बंद झाला. साप्ताहिकं-मासिकं दोन आठवडे छापली गेली नाहीत. कचेऱ्यांत माणसं मेणबत्तीच्या उजेडात कोट घालून काम करत होती.

त्या गारठ्यात हाइड पार्कजवळच्या आल्बियन म्यूज या अरुंद गल्लीत, १८ क्रमांकाच्या घरात, ४४ वर्षांची ल्यूसी काम करत होती. मूळचा घोड्यांचा तबेला, त्याचं घर केलेलं. खाली कामाची खोली, वर राहण्याची. तिची भट्टी विजेची. खेड्यातल्या कुंभाराला पावसात गोवऱ्या भिजल्या की जे वाटतं, ते या बाईला विजेच्या तासांकडे बघताना वाटलं असणार. भट्टी एकदा पेटवली की मध्येच थांबवता येत नाही. सकाळचे तीन आणि दुपारचे दोन तास वजा केले की सलग तापवायला रात्र उरते. आणि अशा दिवसांत दोनाऐवजी एकदाच भाजणं म्हणजे निम्मं सरपण वाचवणं.

एकाच भाजणीची पद्धत तिनं टंचाईमुळे शोधली असं मात्र नाही. व्हिएन्नात शिकत असल्यापासून ती तशीच काम करत आली होती. माझं म्हणणं इतकंच, की हातात आधीपासून असलेली एक सवय तिला त्या देशात, त्या काळात तारून गेली. पुढे वीज मुबलक झाली, नाव झालं, पैसा आला, तरी तिनं ती सोडली नाही. दुसरी भाजणी म्हणजे मधे एक विसावा असतो. भांडं पक्कं झालं, आता झिलईचा विचार सावकाश करू, अशी मुभा. ल्यूसीनं ती मुभा स्वतःला दिली नाही. आकार, रंग आणि पोत हा तिच्यासाठी एकच निर्णय होता, आणि तिच्या भांड्यांत झिलई वरून घातलेल्या कपड्यासारखी न वाटता मातीतूनच उमललेली वाटते ती मला यामुळेच वाटते.

ल्यूसी गोम्पर्झ १६ मार्च १९०२ रोजी व्हिएन्नातल्या एका सुखवस्तू ज्यू घरात जन्मली. वडील कान-नाक-घशाचे डॉक्टर. आइझेनश्टाटला तिच्या मामाकडे उत्खननात मिळालेल्या रोमन वस्तूंचा संग्रह होता. खापराच्या साध्या, वापरातल्या आकारांशी तिची ओळख तिथं झाली. १९२२ मध्ये ती व्हिएन्नाच्या कलाशाळेत मायकेल पोवोल्नी यांच्याकडे शिकायला गेली आणि चाकाच्या प्रेमात पडली. १९३७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तिला रौप्यपदक मिळालं. पुढच्याच वर्षी हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं आणि तिला देश सोडावा लागला. वास्तुविशारद एर्न्स्ट प्लिश्के यानं व्हिएन्नातल्या घरासाठी खास बनवलेलं अक्रोडाचं फर्निचर तिनं लंडनला मागवून घेतलं. ते या तबेल्याच्या घरात बसवून देणारा होता सिग्मंड फ्रॉइडचा मुलगा, वास्तुविशारद एर्न्स्ट फ्रॉइड. निर्वासित बाई पैसाअडका सोडून फळ्या-कपाटं नेते हे ऐकून कुणाला नवल वाटेल. आपल्याकडे धरणात गाव बुडालं तेव्हा घराची चौकट उखडून नेलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वाटणार नाही.

लंडनमध्ये तिला कोणी ओळखत नव्हतं. तिथल्या स्टुडिओ पॉटरीवर बर्नार्ड लीच यांचा शब्द चालत होता. हाँगकाँगमध्ये जन्मलेले, जपानमध्ये मातीकाम शिकलेले लीच १९२० मध्ये शोजी हमादा यांच्यासह कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हज गावी आले आणि त्यांनी तिथं लाकडावर चालणारी जपानी धर्तीची चढती भट्टी उभारली. त्यांचं ‘अ पॉटर्स बुक’ १९४० मध्ये आलं आणि एका पिढीची पोथी झालं. भांडं भरदार हवं, मातीचं वजन हाताला जाणवायला हवं, ही त्यांची शिकवण. त्यांना ल्यूसीची भांडी फार पातळ वाटली, आणि त्यांनी तसं सांगितलंही. ती त्यांचा मनापासून आदर करायची. काही काळ तिनं जाड, लीच-वळणाची भांडी करून पाहिली. ती तिची नव्हती हे आज फोटोतही दिसतं.

युद्धानं तर तिचं चाकच थांबवलं. काही दिवस तिनं दुर्बिणी-भिंगांच्या कारखान्यात काम केलं. आणि याच काळात आली बटणं. तिच्यासारखाच व्हिएन्नाहून आलेला फ्रिट्झ लाम्पल ‘बिमिनी’ नावाच्या कारखान्यात काचेची बटणं करत असे. त्याच्यासाठी काम करता करता ल्यूसी स्वतःची सिरॅमिकची बटणं करू लागली. ब्रिटनमध्ये १९४१ ते १९४९ कपड्यांचं रेशनिंग होतं, धातू लढाईला गेला होता, त्यामुळे चांगल्या बटणाला किंमत आली होती. शिंपी आणि फॅशनवाले कापडाचा तुकडा पाठवायचे आणि त्याच्या रंगाशी मिळतं बटण मागायचे. प्लास्टरच्या साच्यात माती दाबायची, काढायची, झिलई लावायची, भाजायची. गुलाबासारखी, गाठीसारखी, शिंपल्यासारखी, सोनेरी, करडी, शेवाळी, हजारो बटणं.

तिच्यावर लिहिणारे बरेच जण हा काळ पोटापाण्याचा म्हणून दोन ओळींत संपवतात. मला ते पटत नाही. ज्यानं झिलया कालवल्या आहेत त्याला ठाऊक आहे की रंगाचा नमुना बघून तोच रंग भट्टीतून काढणं किती कठीण असतं. भट्टीत जाताना राखी दिसणारी पूड निळी होऊन येते, काळी दिसणारी हिरवी होते. तांब्याची, कोबाल्टची, मँगनीजची चिमूट किती बदलली की काय होतं, हे रोज शेकडो छोट्या तुकड्यांवर पाहायला मिळणं ही एखाद्या प्रयोगशाळेलाही न मिळणारी संधी. आपल्याकडे झिलईचं शास्त्र माझ्या पिढीनं निर्मला पटवर्धन यांच्या ‘हँडबुक फॉर पॉटर्स’मधून गिरवलं. ल्यूसीनं ते शिंप्यांच्या मागण्या पुऱ्या करत गिरवलं. पुढे तिच्या वाडग्यांवर जो गुलाबी, जो पिवळा, जो काशाच्या रंगाचा ओघळ दिसतो, त्याची मुळं या बटणांत आहेत.

बटणांच्याच कामासाठी १९४६ मध्ये एक २६ वर्षांचा तरुण दारात आला. हान्स कोपर. जर्मनीतून निसटलेला ज्यू, शत्रूदेशाचा नागरिक म्हणून ब्रिटिशांनीच पकडून कॅनडाला पाठवलेला, मग परत येऊन त्यांच्याच सैन्याच्या कामगार तुकडीत राबलेला. त्याला व्हायचं होतं शिल्पकार. मातीचा अनुभव शून्य. ल्यूसीनं त्याला ठेवून घेतलं आणि चाकाचं शिक्षण घ्यायला हेबर मॅथ्यूज यांच्याकडे पाठवलं. तो इतक्या वेगानं शिकला की थोड्याच काळात दोघं शेजारी शेजारी बसून भांडी करू लागली. तिला लीच यांच्या छायेतून बाहेर काढलं ते त्यानं. तुझं जे आहे तेच कर, असा त्याचा आग्रह होता. १९४७ च्या त्या थंडीत या दोन निर्वासितांची मैत्री वर्षभराचीही नव्हती, आणि ती १९८१ मध्ये कोपर जाईपर्यंत टिकली.

१९४८ च्या सुमारास स्टोनवेअर भाजता येईल अशी मोठी विजेची भट्टी आली. आता १२५० अंशांच्या आसपास जाता येत होतं. लाकडाच्या भट्टीत धूर आणि राख भांड्यावर आपली सही करतात. विजेच्या भट्टीत धूर नाही, राख नाही, हवा स्वच्छ. पुष्कळ कलाकार विजेच्या भट्टीला निर्जीव म्हणत. ल्यूसीनं तिच्यातूनच जिवंतपणा काढला. सिलिकॉन कार्बाइडची पूड वापरली की भट्टीत वायूचे बुडबुडे उठतात आणि झिलई ज्वालामुखीच्या दगडासारखी खड्डेदार होते. तशी तिची पांढरी आणि पिवळी भांडी पाहताना मला सह्याद्रीतला जाळीदार काळा पाषाण आठवतो. तोही वायूच्या बुडबुड्यांनीच तसा झाला आहे.

एव्हबरीच्या संग्रहालयात तिनं प्रागैतिहासिक वाडगे पाहिले. त्यांच्यावरच्या रेघा पक्ष्यांच्या हाडांनी कोरलेल्या, आणि ती हाडंही शेजारी मांडलेली. घरी येऊन तिनं सुई घेतली आणि मँगनीजच्या गडद तपकिरी थरातून बारीक रेघा ओढायला सुरुवात केली. आतून शुभ्र, बाहेरून तपकिरी असे कॉफीचे पेले, किटल्या, काठापासून तळाकडे धावणाऱ्या शेकडो रेघांचे वाडगे. हात एकदा थरथरला तर तो थर पुन्हा लावता येत नाही, कारण खाली कच्ची माती आहे.

मोठा सन्मान यायला वेळ लागला. १९८२ मध्ये डेव्हिड अॅटनबरो बीबीसीचा कॅमेरा घेऊन आल्बियन म्यूजला गेले. ऐंशी वर्षांची ल्यूसी वरून उघडणाऱ्या खोल भट्टीत कमरेपर्यंत वाकते आणि एकेक भांडं वर काढते. साठ वर्षं हेच करूनही काय निघेल याची तिला खात्री नाही, हे तिच्या चेहऱ्यावर वाचता येतं. १९८९ मध्ये जपानी डिझायनर इस्से मियाके यानं तिची जुनी बटणं आपल्या हिवाळी कपड्यांना लावली आणि जपानमध्ये तिचं प्रदर्शन भरवलं. १९९१ मध्ये तिला डेम हा किताब मिळाला, पण त्याआधीच अर्धांगवायूनं हात थांबले होते. १ एप्रिल १९९५ रोजी ती गेली, त्याच घरात. तिचा स्टुडिओ आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये उभा केला आहे, आणि प्लिश्केचं फर्निचर व्हिएन्नाला परत गेलं आहे.

नाशिकला आमच्याकडे थंडी पडते तेव्हा निफाडचे बागाईतदार द्राक्षांसाठी रात्री शेकोट्या पेटवतात. माती हाताला बर्फासारखी लागते. हवा मात्र कोरडी, त्यामुळे काठ भराभर वाळतो, बूड ओलं राहतं आणि भांडं तळाशी तडकतं. कुंभारांचे हे घाईचे दिवस असतात. संक्रांतीची सुगडी पौषाच्या आधीपासून घडवायला लागतात. आमच्या गल्लीच्या टोकाला एक कुंभारकाकू राहतात. गेल्या डिसेंबरात त्यांच्या अंगणात गोणपाटाखाली सुगड्यांच्या रांगा होत्या, आणि वाऱ्याच्या बाजूला त्यांनी जुनी सतरंजी आडवी बांधली होती.

मी त्यांना मोबाइलवर ल्यूसीचा एक रेघांचा वाडगा दाखवला. हा झिलईसकट एकदाच भाजलाय, असं सांगितलं. त्यांनी हात पदराला पुसले, फोन हातात घेतला आणि बोटांनी चित्र मोठं करून आधी बूड पाहिलं, मग काठ.

“एवढ्या पातळ काठाला ओला हात लावला बाईनं?” त्या म्हणाल्या.

“हो. ब्रशनं.”

त्या बराच वेळ बघत राहिल्या. “आणि गावात बर्फ पडतो म्हणता. मग ही वाळवायची कुठं?”

भट्टी होती त्याच खोलीत, मी सांगितलं. खाली काम, वर घर.

“मग बरोबर,” काकू म्हणाल्या, फोन परत दिला आणि एक सुगडं उलटं करून त्याचं बूड अंगठ्यानं चाचपलं. ते अजून ओलं होतं.