नेवऱ्याहून नर्मदेपर्यंत : कोकणची गोष्ट

मुलांनो, जबलपूरला समुद्र नाही. ग्वारीघाटावरून वाहणारी नर्मदा समुद्राला मिळते तीही दूर, भडोचपाशी. मग दिवाळीत तुम्हाला कोकणची गोष्ट कशाला? कारण १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी जबलपूरचा हा गढा-मंडल्याचा मुलूख घेतला, आणि त्या सागरच्या घराण्याचे मूळ पुरुष गोविंदपंत खेर होते रत्नागिरीकडच्या नेवरे गावचे.

सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी म्हणजे कोकण. हवा बारा महिने दमट. पाऊस जबलपूरच्या दुपटीहून जास्त. पण जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पाणी ठरत नाही, की माती टिकत नाही. चार महिने धो धो आणि उन्हाळ्यात विहिरीचा तळ, अशी तिथली तऱ्हा.

सड्यावरची चित्रं

याच सड्यांवर फार जुन्या माणसांनी कातळ खोदून चित्रं काढली आहेत. बारसूला दोन वाघांच्या मधोमध एक माणूस उभा आहे. कशेळीच्या सड्यावर एक प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या अंगभर इतर प्राणी कोरलेले आहेत. काही ठिकाणी तर गेंडासुद्धा दिसतो! आज कोकणात गेंडा औषधालाही सापडायचा नाही.

बंदरात आलेले पाहुणे

सोपारा, कल्याण, चौल, दाभोळ ही जुनी बंदरं. १८८२ साली सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. अशोकाचा एक लेख तुमच्या शेजारीही आहे, कटनी जिल्ह्यात रूपनाथला. एकाच राजाचा शब्द बंदरातही पोचला आणि विंध्यातल्या कातळावरही.

व्यापाराच्या वाटेने अरब आले आणि इथे नांदले. बेने इस्रायली ज्यू सांगतात, की त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. घरात ते मराठीच बोलत. पोर्तुगीज मात्र तोफा घेऊन आले, वसईला किल्ला बांधून बसले. १७३९ साली मराठ्यांचे सेनानी चिमाजीअप्पा यांनी तो जिंकला. पोर्तुगीज गेले, पण त्यांनी अमेरिकेतून आणलेले काजू आणि मिरची इथेच राहिले.

पाण्यातला किल्ला

समुद्रातून शत्रू येतो, तर त्याला समुद्रातच अडवायचं, हे शिवाजी महाराजांनी ओळखलं. १६६४ साली मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. चारी बाजूंना खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी! पुढे कान्होजी आंग्र्यांनी मराठी आरमाराचा असा दरारा बसवला, की १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले, तरी हात हलवत परतले.

ताट आणि जत्रा

आता थोडं खाण्याचं. उन्हाळ्यात लालबुंद रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडतात, बिया काढतात, सालं मीठ घातलेल्या रातांब्याच्याच रसात बुडवून उन्हात घालतात. वाळली की पुन्हा रस, पुन्हा ऊन. असं करत करत काळीशार आमसुलं तयार होतात. तुमच्या आजीच्या आमटीत पडतं, ते हेच.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ वाहतात. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. सिंधुदुर्गाकडे जत्रेत रात्रभर दशावताराचं नाटक रंगतं. त्यात लिहिलेली संहिता नसते, नट संवाद तिथल्या तिथे रचतात.

घाट चढून गेलेले

एवढं सगळं असूनही त्या जमिनीवर सगळ्यांचं पोट भरत नसे. म्हणून माणसं घाट चढली. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट १७१३ साली पेशवे झाले. गोविंदपंत त्यांच्या मुलाच्या, पहिल्या बाजीरावांच्या पदरी लागले आणि बुंदेलखंडाचा कारभार बघता बघता ‘बुंदेले’च होऊन गेले. १७६० साली, पानिपतच्या मोहिमेत अफगाण बादशहा अब्दालीची रसद तोडताना ते मारले गेले. नंतर वाटा सोप्या झाल्या. १८७० साली मुंबईहून आलेला रेल्वेमार्ग जबलपूरला कलकत्त्याच्या मार्गाशी जोडला गेला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली.

समुद्राने कोकणात माणसं आणली आणि कोकणाने ती देशभर पाठवली. आज जबलपुरात मराठी बोलणारी सगळीच घरं काही कोकणातली नाहीत. कुणी नागपूरकडचे, कुणी देशावरचे. तेव्हा या सुट्टीत आजी-आजोबांना गाठा आणि विचारा : आपलं मूळ गाव कोणतं, तिथून कोण निघालं, कशासाठी निघालं? उत्तर वहीत लिहून ठेवा. गोविंदपंतांची गोष्ट इतिहासात आहे. तुमच्या पणजोबांची कुणीतरी लिहायला हवी.