तेराव्या महिन्याची कमाई

इथिओपियाच्या पंचांगात वर्षाचे महिने तेरा असतात. पहिले बारा महिने प्रत्येकी तीस दिवसांचे. उरलेले पाच दिवस, आणि दर चौथ्या वर्षी सहा, 'पाग्मे' नावाच्या तेराव्या महिन्यात जमा होतात. मासिक वेतनावर राबणाऱ्या नोकरदाराला पगार मात्र बाराच महिन्यांचा मिळतो. पाग्मेचे हे पाच दिवस हिशेबाबाहेरचे. तेव्हा पाऊस ओसरत असतो, माळरानावर फुले उमलू लागलेली असतात आणि नववर्षाचा दिवस, म्हणजे इंग्रजी कालगणनेप्रमाणे ११ सप्टेंबर, उंबरठ्याशी येऊन ठेपलेला असतो. या देशात जाऊन ज्या भारतीय शिक्षकांनी अध्यापन केले, त्यांच्या पदरी काय पडले याचा जमाखर्च मांडावयाचा झाल्यास दोन खाती उघडावी लागतील: एक पगाराच्या बारा महिन्यांचे आणि दुसरे या तेराव्या महिन्याचे.

परदेशातील नोकरी म्हटली की आपल्याकडे पहिल्या खात्याचीच चर्चा होते. तिकडे पगार किती, घरी दरमहा पाठवतो किती, बहिणीचे लग्न उरकले की नाही, गावाकडचे घर बांधून झाले की नाही, हे प्रश्न स्वाभाविक आहेत. आणि मध्यमवर्गीय शिक्षक समुद्र ओलांडतो तो बहुधा याच प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी, हेही नाकारण्यात अर्थ नाही. परंतु घरापासून हजारो मैल दूर माणूस केवळ पगाराच्या आधारावर दिवस काढू शकत नाही. महिना संपतो पगाराने. दिवस मात्र संपावा लागतो एखाद्या लहानशा सुखाने.

इथिओपियाला परक्या देशांतील शिक्षकांची गरज भासली, तिच्यामागे एक दारुण इतिहास होता. १९३६ ते १९४१ या काळात हा देश मुसोलिनीच्या इटलीच्या ताब्यात होता. फेब्रुवारी १९३७ मध्ये इटालियन व्हाइसरॉय ग्रात्सियानी याच्यावर अडिस अबाबात हल्ला झाला आणि त्याचा सूड म्हणून जी कत्तल झाली, तीत सुशिक्षित तरुणांना हेरून ठार करण्यात आले. शिकलेली एक पिढीच नाहीशी झाली. १९४१ साली पूर्व आफ्रिकेतील इटालियन सत्ता कोसळली. त्या मोहिमेत भारतीय पलटणी आघाडीवर होत्या आणि आज एरिट्रियात असलेल्या केरेनच्या डोंगरांत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही लढले होते. स्वातंत्र्य परत मिळाले, शाळा पुन्हा उघडल्या. पण शिकवावयाचे कोणी? माध्यमिक शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते. इंग्रजीतून गणित आणि विज्ञान शिकवू शकणारा व आडगावी राहण्यास तयार असणारा पदवीधर भारतात उपलब्ध होता. १९५० व १९६० च्या दशकांत इथिओपियातील लहानमोठ्या गावांच्या शाळांत भारतीय शिक्षक आणि शिक्षिका हे परिचयाचे दृश्य बनले. त्यांत केरळीयांचा भरणा मोठा होता. इतर प्रांतांतील माणसेही होती.

यांपैकी एखादा शिक्षक देशावरून तेथे गेला असे मानले, तर त्याला पहिला धक्का बसे तो थंडीचा. आफ्रिका म्हणजे रणरणते ऊन, ही भूगोलाच्या पुस्तकातून झालेली समजूत. प्रत्यक्षात अडिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंचीवर वसलेले आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे साध्या भांड्यात डाळ तासन्‌तास शिजत नाही. उत्कलनबिंदू आणि वायुभार यांचा संबंध वर्गात फळ्यावर समजावून देणाऱ्या विज्ञानशिक्षकाला तो धडा आधी चुलीपाशी गिरवावा लागे. प्रेशर कुकरची पहिली शिट्टी ही परमुलुखातील संसारात केवढी आश्वासक वाटत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

जेवणाची धास्ती शाकाहारी माणसाला सर्वांत मोठी. पण येथे त्याच्या मदतीला धावून येई तो तेथील धर्म. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाजात बुधवार आणि शुक्रवार हे उपवासाचे दिवस असतात. ईस्टरपूर्वीचा उपवास तर पंचावन्न दिवसांचा. उपवास म्हणजे मांस, दूध, अंडी वर्ज्य. त्या दिवशी कोणत्याही खाणावळीत मसुरीचे, वाटाण्याचे, पालेभाज्यांचे पदार्थ मांडले जातात. राजगिऱ्याहूनही बारीक अशा 'तेफ' नावाच्या धान्याचे पीठ आंबवून केलेला, एका अंगाला जाळी पडलेला 'इंजेरा' हा आंबोळीचा थोरला भाऊ शोभतो. हरभऱ्याच्या व वाटाण्याच्या पिठाचे, मिरचीमसाला घातलेले 'शिरो' समोर आले की मराठी माणसाला त्याचे नाव विचारण्याची गरजच उरत नाही. ते पिठले असते. एकाच मोठ्या ताटाभोवती सारे बसतात आणि यजमान स्वतःच्या हाताने घास करून पाहुण्याच्या तोंडात भरवतो. याला 'गुर्शा' म्हणतात. आपल्याकडे हा मान लग्नाच्या पंगतीत नवरानवरीला किंवा आईच्या हातून लहान मुलाला मिळतो. तेथे तो गणिताच्या मास्तरालाही मिळतो.

घड्याळाची मौज निराळीच. तेथील लोक तास मोजतात ते सूर्योदयापासून. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक आणि आठ म्हणजे दोन. कोणी सकाळी दोन वाजता भेटण्यास बोलावले तर दचकण्याचे कारण नसते. नवख्या माणसाची सुरुवातीला फजिती होते. पण सूर्योदयापासून घटका मोजणाऱ्या पंचांगाच्या देशातून आलेल्या माणसाला त्यातील तर्क पटावयास वेळ लागत नाही. लिपीचेही तसेच. अम्हारिक भाषेच्या 'फिदेल' लिपीत प्रत्येक व्यंजनाची स्वरांनुसार सात रूपे होतात. ज्याने लहानपणी बाराखडी घोकली आहे, त्याला ही 'सातखडी' परकी कशी वाटावी? वाक्याच्या शेवटी क्रियापद येते तेही मराठीसारखेच. आणि बरोबरीच्या माणसाला एक व वडीलधाऱ्यास दुसरे, असा 'तू' आणि 'आपण' यांचा विवेकही त्या भाषेत आहे. बाजारातील दुकानाची पाटी पहिल्यांदा स्वतःची स्वतः वाचता आली, तो दिवस कोणत्याही परदेशस्थ शिक्षकाच्या आयुष्यात सणाचाच म्हणावा लागेल. इतरांना अक्षरे शिकविणारा माणूस पुन्हा एकदा बिगरीत बसतो आणि पास होतो!

पण शिक्षकाचे खरे सुख वर्गातले. तेथे आडनावाची पद्धत नाही. स्वतःचे नाव आणि पुढे वडिलांचे नाव, एवढ्यावर काम भागते. या नावांना बहुधा स्पष्ट अर्थ असतो. तेस्फाये म्हणजे 'माझी आशा', देस्ता म्हणजे आनंद, अल्माझ म्हणजे हिरा, तिगिस्त म्हणजे धीर, अबेबे म्हणजे 'तो फुलला'. रोम येथील १९६० च्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी पायांनी मॅरेथॉन जिंकणारा अबेबे बिकिला याच नावाचा. असे अर्थ एकदा कळले की रोजची हजेरी ही कंटाळवाणी कारकुनी राहत नाही. आशा, आनंद, धीर अशी नावे पुकारावीत आणि बाकांवरून एकेक 'हजर' यावे, असा तो पाठ होऊन जातो.

शाळा सुटल्यावर शेजाऱ्याचे बोलावणे येते ते कॉफीसाठी. कॉफीचे झुडूप मूळचे नैर्ऋत्य इथिओपियाच्या अरण्यातले, आणि त्याचा मान तेथे देवघरातल्या वस्तूसारखा राखला जातो. जमिनीवर हिरवे गवत पसरतात, ऊद जाळतात. घरातील स्त्री कच्च्या बिया धुऊन तव्यावर भाजते, तो सुगंधी धूर पाहुण्यांपुढे फिरवते, मग बिया कुटून 'जेबेना' या मातीच्या सुरईत उकळते. बरोबर लाह्या किंवा भाजलेले सातू. कॉफी तीनदा द्यावयाची. पहिली 'अबोल', दुसरी 'तोना' आणि तिसरी 'बेरेका', म्हणजे आशीर्वाद. अरबीतून मराठीत आलेला 'बरकत' हा शब्द त्याच कुळातला. तिसरी कॉफी घेतल्याविना उठणे अशिष्टपणाचे. या सोहळ्यास तास-दीड तास सहज लागतो. घाईत असलेल्या माणसाला तो वेळेचा अपव्यय वाटेल. एकटेपणाने ग्रासलेल्या माणसाला मात्र तेवढ्या वेळात शेजार मिळतो.

सप्टेंबरच्या अखेरीस 'मेस्केल'चा सण येतो. सह्याद्रीच्या पठारांवर ज्या दिवसांत सोनकी फुलते, त्याच दिवसांत तेथील डोंगर पिवळ्याधमक 'अदेय अबेबा'ने भरून जातात. चौकात काठ्यांचा उंच मनोरा रचतात आणि तो पेटवून लोक भोवती गातात. होळी आणि दसरा एकाच संध्याकाळी साजरे व्हावेत तसा हा प्रसंग. घरच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या माणसाला अशी संध्याकाळ सावरून धरते.

येथवर वाचून कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे, की ही सारी पाहुण्याची सुखे नव्हेत काय? ज्याला केव्हाही परतीचे तिकीट काढता येते, त्याला परक्याच्या चुलीचा धूरही सुगंधी वाटतो. तो देश काही केवळ फुलांचा आणि कॉफीचा नव्हता. १९७४ साली सम्राट हैले सेलासी यांना पदच्युत करण्यात आले आणि सत्ता लष्कराच्या हाती गेली. वरच्या वर्गांतील व विद्यापीठातील विद्यार्थ्यांना मोहिमेवर खेड्यापाड्यांत धाडण्यात आले. १९७७ व १९७८ या वर्षांत 'लाल दहशती'ने शहरांतून थैमान घातले. हजारो तरुण मारले गेले. त्यांत शाळा-महाविद्यालयांतील मुलेमुली किती तरी होती. पुढे १९८४ चा भीषण दुष्काळ आला. त्या काळात जे परदेशी शिक्षक तेथे टिकून राहिले, त्यांच्यापुढे हजेरीचा तोच कागद येत होता. 'माझी आशा' असे पुकारावे आणि बाकावरून उत्तर येऊ नये. का येत नाही, हे विचारण्याची सोय नसावी.

या प्रश्नाचे उत्तर इथेच दडलेले आहे. ज्याच्या लेखी ती नावे केवळ उच्चारण्यास कठीण अशी अक्षरे होती, त्याला वर्गातील पटसंख्या घटली एवढेच समजले असेल. ज्याने त्या नावांचे अर्थ विचारून घेतले होते, त्या घरांतील घास खाल्ला होता आणि तिसऱ्या कॉफीपर्यंत बसला होता, त्याला काय हरवले ते समजले. लहान सुखांचे मोल ते हेच. ती माणसाला परक्या भूमीत रमवतात हे खरे. परंतु त्याहून अधिक म्हणजे ती त्याला त्या भूमीच्या दुःखाशी बांधून टाकतात. सुख घेतले नाही तर शोकाचाही अधिकार पोचत नाही.

काळ बदलला. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इथिओपियात विद्यापीठे बोटांवर मोजण्याइतकी होती. पुढील पंधरा वर्षांत ती तिसाच्या वर गेली आणि त्यांत भारतीय प्राध्यापकांची नवी फळी दाखल झाली. २००९ साली सुरू झालेल्या पॅन-आफ्रिकन ई-नेटवर्कने भारतात बसून आफ्रिकेतील विद्यार्थ्यांना शिकविण्याची सोय केली. ही सोय मोलाचीच. पडद्यावरून समीकरण सोडवून दाखविता येते. घास मात्र भरविता येत नाही.

आता उलट दिशेनेही वाहतूक सुरू आहे. आफ्रिकेतील अनेक विद्यार्थी पुण्यात व मुंबईत शिकण्यासाठी येतात. त्यांना खोली देताना येथील घरमालक किती कांकूं करतात, रस्त्यात त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे पेठांतून आणि उपनगरांतून वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. भारतीय शिक्षकांच्या एका पिढीने परमुलुखात जे तेराव्या महिन्याचे धन मिळविले, त्याची परतफेड तेथे करणे आता शक्य नाही. येथे करता येण्यासारखी आहे. तिला मोठा खर्चही लागत नाही. शेजारच्या खोलीत राहावयास आलेल्या परदेशी मुलाला त्याच्या नावाचा अर्थ विचारावा, आणि घरात चहा टाकला असेल तर तो संपेपर्यंत त्याला बसवून घ्यावे.