माझदाचा फिरता त्रिकोण

'स्वराज माझदा' ही अक्षरे एके काळी आपल्याकडील शाळांच्या छोट्या बसगाड्यांवर आणि मालवाहू गाड्यांवर सर्रास दिसत. पंजाबात तयार होणाऱ्या या वाहनांमागे जपानच्या माझदा कंपनीचे तंत्रज्ञान होते. पुढे २०११ साली त्या कंपनीचे नाव बदलले आणि 'माझदा' हा शब्दही आपल्या रस्त्यांवरून हळूहळू दिसेनासा झाला. मोटारशौकिनांच्या जगात मात्र हे नाव आजही घेतले जाते, आणि ते मुख्यतः एका इंजिनासाठी. या इंजिनात वरखाली होणारा दट्ट्या नाही, उघडझाप करणाऱ्या झडपा नाहीत. त्यात फिरतो एक फुगीर बाजूंचा त्रिकोण.

हे इंजिन माझदाने शोधले नाही. तरीही जगातील बहुतेक सर्व मोटार कंपन्यांनी ज्याचा नाद सोडला, ते माझदाने का धरून ठेवले? त्यातून काय साधले आणि काय साधणे शक्यच नव्हते? या प्रश्नांच्या उत्तरांत भूमिती, पदार्थविज्ञान आणि अर्थकारण यांची चांगलीच गुंफण आहे.

बुचांच्या कारखान्यापासून

१९२० साली हिरोशिमा येथे 'तोयो कॉर्क कोग्यो' ही कंपनी स्थापन झाली. झाडाच्या सालीपासून बूच आणि तत्सम वस्तू बनवणे हा तिचा उद्योग. पुढच्याच वर्षी जुजिरो मात्सुदा यांच्याकडे कारभार आला आणि कंपनी हळूहळू यंत्रांकडे वळली. १९३१ साली तिने तीनचाकी मालवाहू गाडी बाजारात आणली. तिला 'माझदा' हे नाव दिले गेले. मात्सुदा या आडनावाशी ते जुळतेच. शिवाय पारशी धर्मातील प्रज्ञेचा देव अहुर मझ्द याचेही ते नाव आहे. मुंबईच्या अग्यारीत ज्याची प्रार्थना होते, त्याच्या नावाची गाडी हिरोशिमात तयार होऊ लागली, असे म्हणता येईल.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला. कारखाना स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे ५ किलोमीटर दूर होता आणि मध्ये हिजियामा नावाची टेकडी होती. त्यामुळे इमारती बऱ्याच अंशी वाचल्या. शहरात असलेले अनेक कामगार मात्र मृत्युमुखी पडले. शहरातील सरकारी कचेऱ्या नष्ट झाल्याने काही काळ प्रांताचा कारभारच या कारखान्यातून चालला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तीनचाकी गाड्यांचे उत्पादन पुन्हा सुरू झाले.

१९६० साली कंपनीने पहिली प्रवासी मोटार विक्रीस काढली. पण काळ कठीण होता. लहान मोटार कंपन्यांचे विलीनीकरण करून मोजक्या मोठ्या कंपन्या उभ्या कराव्यात, असा जपानी शासनाचा विचार चालू होता. आपले वेगळे अस्तित्व टिकवायचे तर दुसऱ्या कोणाकडे नाही असे काही आपल्याकडे हवे, हे तेव्हाचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी ओळखले. जर्मनीतील एनएसयू कंपनी फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवर आधारलेले फिरते इंजिन विकसित करत होती. १९६१ मध्ये माझदाचा तिच्याशी करार अमलात आला.

त्रिकोण कसा फिरतो?

नेहमीच्या इंजिनात दट्ट्या सिलिंडरमध्ये खालीवर होतो. समजा इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत आहे, म्हणजे सेकंदाला १००. प्रत्येक फेऱ्यात दट्ट्या दोनदा थांबून दिशा बदलतो. म्हणजे तो सेकंदाला २०० वेळा थांबतो आणि उलट फिरतो. या धक्क्यांमुळे कंपने होतात, आणि सारे भाग ती सोसण्याइतके मजबूत करावे लागतात. दट्ट्याऐवजी एकाच दिशेने फिरणारा भाग वापरला, तर ही सगळी दगदग वाचेल.

वांकेल इंजिनाचे कवच आतून भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखे असते: लांबट आणि कमरेशी किंचित दबलेले. त्यात त्रिकोणी रोटर अशा रीतीने फिरतो, की त्याची तिन्ही टोके कायम कवचाला टेकलेली राहतात. हे कसे जमते ते आलेखकागदावर पाहू. कवचाच्या कडेचे समीकरण असे आहे:

क्ष = त्र कोज्या θ + उ कोज्या ३θ
य = त्र ज्या θ + उ ज्या ३θ

येथे 'त्र' म्हणजे रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंतचे अंतर आणि 'उ' म्हणजे रोटरचा मध्य कवचाच्या मध्यापासून जितका बाजूला असतो ते अंतर. माझदाच्या इंजिनात त्र = १०.५ सेंमी आणि उ = १.५ सेंमी होते. म्हणजे कवचाची आतली लांबी २ × (१०.५ + १.५) = २४ सेंमी आणि कमरेशी रुंदी २ × (१०.५ − १.५) = १८ सेंमी. खऱ्या मापाची ही आकृती वहीच्या मोठ्या कागदावर सहज मावते.

आता समीकरणातील दुसऱ्या पदाकडे पाहा. त्यात ३θ आहे. त्रिकोणाची टोके एकमेकांपासून १२०° अंतरावर असतात, आणि १२० ची तिप्पट ३६०, म्हणजे पूर्ण फेरा. म्हणून तिन्ही टोकांसाठी दुसरे पद सारखेच येते. हे सामाईक पद म्हणजेच रोटरच्या मध्याचे स्थान. मध्य एक आणि त्यापासून समान अंतरावर तीन टोके, म्हणून तिन्ही टोके एकाच वेळी कवचावर राहतात. १८.२ सेंमी बाजूचा समभुज त्रिकोण पुठ्ठ्यातून कापून या आकृतीत फिरवला, तर मुलांना ते डोळ्यांनी दिसेल.

आणखी एक गोष्ट याच समीकरणातून कळते. रोटर एक फेरा पूर्ण करतो तेव्हा त्याचा मध्य तीन फेरे मारतो. हा मध्य दांड्याच्या बाहेर काढलेल्या, म्हणजे उत्केंद्र, भागावर बसवलेला असतो. म्हणून रोटरचा एक फेरा होईपर्यंत दांडा तीनदा फिरतो.

रोटरच्या तीन बाजू आणि कवच यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. रोटर फिरताना प्रत्येक कप्पा मोठा होतो, लहान होतो, पुन्हा मोठा, पुन्हा लहान. शोषण, संपीडन, ज्वलन आणि उत्सर्जन या चारही क्रिया ओळीने पार पडतात. झडपांची गरज नसते, कारण कवचावरील छिद्रे रोटर स्वतःच झाकतो आणि उघडतो. रोटरच्या एका फेऱ्यात तीन ज्वलने, म्हणजे दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यात एक. चार धावांच्या नेहमीच्या इंजिनात एका सिलिंडरमागे दांड्याच्या दोन फेऱ्यांत एकच ज्वलन होते.

एका कप्प्याचे कार्यकारी घनफळ ३√३ × उ × त्र × रुंदी इतके येते. माझदाच्या पहिल्या इंजिनाच्या रोटरची रुंदी ६ सेंमी होती. गुणाकार केल्यास सुमारे ४९१ घन सेंमी मिळतात. दोन रोटर, म्हणून ९८२.

सैतानाच्या नखांचे ओरखडे

कागदावर सुंदर दिसणारे हे इंजिन प्रत्यक्षात काही तास चालल्यावर कुरकुरू लागे. उघडून पाहावे तर कवचाच्या आतल्या गुळगुळीत भिंतीवर ओळीने बारीक आडव्या रेघा उमटलेल्या असत. माझदाच्या अभियंत्यांनी त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हटले.

हे ओरखडे कशाचे? रोटरच्या टोकाशी एक धातूची पट्टी असते. एका कप्प्यातील वायू दुसऱ्यात जाऊ नये म्हणून ती भिंतीला दाबून धरलेली असते. ही पट्टी सरळ घसरत न जाता थरथरत होती. असा अनुभव प्रत्येक शिक्षकाने घेतलेला आहे. फळ्यावर खडू विशिष्ट कोनात धरून ओढला, की तो किंचाळतो आणि सलग रेघेऐवजी ठिपक्यांची रांग उमटते. घर्षणामुळे खडू क्षणभर अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. पट्टीचेही तेच होत होते, फक्त फळ्याच्या जागी महागडे इंजिन होते.

१९६३ साली केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली ४७ जणांचा संशोधन विभाग सुरू झाला. आपल्या धन्यासाठी प्राणपणाने झुंजलेल्या ४७ सामुराईंची कथा जपानमध्ये घरोघरी ठाऊक आहे. त्यावरून या गटालाही तेच नाव पडले. त्यांनी आधी पट्टीला आडवी-उभी पोकळ छिद्रे पाडून तिची नैसर्गिक कंप्रता बदलली, तेव्हा ओरखडे जवळजवळ नाहीसे झाले. पुढे विक्रीच्या गाडीसाठी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची पट्टी वापरली. कार्बन स्वतःच थोडे वंगणाचे काम करतो. मे १९६७ मध्ये 'कॉस्मो स्पोर्ट' ही दोन रोटरची गाडी विक्रीस आली. त्याच वर्षी एनएसयूनेही आपली 'आरओ ८०' गाडी आणली, पण टोकाच्या पट्ट्या झिजून तिची इंजिने वारंवार बदलावी लागली. त्या खर्चाने कंपनी डबघाईला आली आणि १९६९ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

जे पट्टी बदलून सुटत नाही

१९७३ मध्ये खनिज तेलाचे भाव भडकले. अमेरिकी शासनाच्या चाचणीत माझदाची रोटरी गाडी लिटरला जेमतेम साडेचार-पाच किलोमीटर जाते असे दिसले, आणि विक्री कोसळली. बँकेच्या मदतीने कंपनी कशीबशी तगली. कारखान्यातील हजारो कामगार गाड्या विकण्यासाठी विक्रेत्यांकडे पाठवले गेले.

इंधन इतके का लागते? ज्वलनाच्या वेळी रोटरीचा कप्पा लांब, चपटा आणि सरकता असतो. सारख्याच घनफळाच्या गोलाचे पृष्ठफळ सर्वांत कमी आणि चपट्या तुकड्याचे पुष्कळ जास्त असते, हे आपण वर्गात शिकवतो. पृष्ठफळ जास्त म्हणजे थंड भिंतींत वाया जाणारी उष्णता जास्त. शिवाय ज्योत कप्प्याच्या मागच्या अरुंद टोकापर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून थोडे इंधन अर्धवट जळून बाहेर पडते. पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून आत सोडलेले तेलही जळते.

येथे दोन प्रकारच्या अडचणींतला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. ओरखडे हा पदार्थाचा आणि कंपनाचा प्रश्न होता. पदार्थ बदलला, प्रश्न सुटला. कप्प्याचा चपटेपणा मात्र त्याच भूमितीतून येतो, जिच्यामुळे त्रिकोण इतका डौलदार फिरतो. तो सौम्य करता येतो, काढून टाकता येत नाही. चिकाटी पहिल्या अडचणीवर मात करते; दुसऱ्या अडचणीशी फक्त तडजोड करता येते.

माझदाने तडजोडी केल्या. इंधनाचा खप बराच कमी करून १९७८ मध्ये 'आरएक्स-७' आणली आणि ती लोकप्रिय झाली. जून १९९१ मध्ये चार रोटरच्या '७८७बी' गाडीने फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत जिंकली. तेथे जिंकणारी ती पहिली जपानी गाडी. 'जिंकली म्हणून रोटरीवर बंदी आली' असे पुष्कळदा सांगितले जाते. पण इंजिनांचे नवे नियम त्या विजयाआधीच ठरले होते. प्रदूषणाचे निकष कडक होत गेले आणि २०१२ साली 'आरएक्स-८' चे उत्पादन थांबले. २०२३ मध्ये हे इंजिन परतले ते वेगळ्या कामासाठी. 'एमएक्स-३०' या विजेवरील गाडीत एकच रोटर चाकांना न जोडता फक्त जनित्र फिरवतो. लहान आकार आणि कमी कंपने हे त्याचे गुण तेथे उपयोगी पडतात.

माझदाने विकलेल्या बहुतेक गाड्यांत साधे दट्ट्याचेच इंजिन होते. १९८९ पासूनची तिची गाजलेली दोन आसनी 'एमएक्स-५' देखील त्याच इंजिनावर चालते. तरी नाव झाले ते रोटरीचे. या नावलौकिकाला दोन बाजू आहेत: एकीकडे पट्टीचा प्रश्न सोडवणारे अभियंते, दुसरीकडे पेट्रोल पिणारी गाडी. दोन्ही खऱ्या आहेत. वर्गात ही हकिगत सांगताना विजयाची गोष्ट म्हणून थांबू नये, असे आम्हाला वाटते. पुठ्ठ्याचा त्रिकोण फिरवून झाला, की त्याच आकृतीत ज्वलनाच्या वेळचा कप्पा रंगवून मुलांना विचारावे: यातली उष्णता कोठे जाईल? उत्तर त्यांना आकृतीतच दिसेल.